रोही कोणाच्या शिवारात मेला

रोही मेला तो बोरखडीच्या शिवारात मेला, हे कावळ्यांपासून कोतवालापर्यंत सगळ्यांना मान्य होतं. मान्य नव्हतं ते एकट्या पुंजाजी पाटलाला.

आता रोही म्हणजे नीलगायीचा नर, काही ससा नव्हे, की टोपलीखाली झाकला आणि विसरला. घोड्याएवढा उंच, बैलाएवढा वजनदार, निळसर काळा. नाल्याच्या अलीकडच्या काठावर चारी पाय आभाळाकडे करून पडला होता आणि उन्हानं असा फुगला होता, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, पाटलानं नाल्यावर पाण्याची पखाल भरून ठेवली आहे. नाल्याच्या अलीकडे बोरखडी, पलीकडे देवीलाल नाईकाचा बंजारा तांडा. मरायचंच होतं तर हा प्राणी चार पावलं पुढे जाऊन, पाणी ओलांडून मेला असता, तर त्याची खुरं झिजणार होती का? पण नाही. जन्मभर पाटलाची पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, खाल्ली आणि मरायलाही पाटलाकडेच आला. इतकी निष्ठा पाटलाच्या गड्यांतही नव्हती.

पाटलाला हे मान्य नव्हतं त्याचं कारण होतं पट. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. कापूस घरात आला की बोरखडीच्या माळावर पट भरायचा आणि पार नेरपासूनच्या जोड्या यायच्या. गेली काही वर्षं त्या पटात एकच गोष्ट ठरल्यासारखी घडत होती. पुंजाजी पाटलाच्या माळावर, पाटलाच्या मांडवात, पाटलाच्या पाहुण्यांसमोर देवीलाल नाईकाची जोडी पहिली यायची आणि पाटलालाच त्याच्या डोक्यावर फेटा बांधावा लागायचा. यंदा मात्र पाटलानं वर्ध्याकडून पाखऱ्या आणि बिजल्या ही पांढरीशुभ्र गवळाऊ जोडी आणली होती. ती अशी धावायची म्हणे, की सावली मागे राहायची आणि संध्याकाळी दमून घरी यायची.

आणि आता मधे हा रोही.

त्या वर्षी मुलखात बुळकांडीची आवई होती. ढोरांची महामारी ती. गोठेच्या गोठे रिकामे करून जाणारी. पांढरकवड्याचे ढोर-डॉक्टर मधुसूदन यांनी गावोगाव दवंडी पिटवली होती: ज्या शिवारात बुळकांडीनं मेलेलं जनावर सापडेल, मग ते गोठ्यातलं असो की जंगलातलं, त्या गावात ढोरांचा बाजार बंद, जत्रा बंद, पट बंद.

डॉक्टर दिवाळीनंतर लस टोचायला बोरखडीत आले तेव्हाच पाटलाचं आणि त्यांचं वाजलं होतं.

"साहेब, हे लस कायची बनोतेत?" पाटलानं चावडीपुढे विचारलं.

डॉक्टर नागपूरला शिकलेले, समजावून सांगायची हौस भारी. म्हणाले, "आधी तो रोग बकऱ्याच्या अंगात वाढवायचा. तिथं तो मवाळ होतो. मग त्यापासून—"

पाटलानं एवढ्यात फक्त 'बकरा' ऐकला.

"म्हंजे माह्या बैलाच्या अंगात तुमी बकरा घालनार?"

"बकरा नाही हो, लस."

"बकऱ्याचीच ना? मंग उद्या थो पटात धावल, का बाभळीवर दोन पाय ठेवून पाला खात उभा राहील? मी जोडी धावाले आणली, साहेब, बें कराले नाही."

चावडी हसली. चावडी हसल्यावर पाटील आणखी फुलला. "अन् मी म्हनतो, एवढे ढोरं टोचत कायले बसता? रोग तं रोही आणते. चार बंदुका मागवा, सारे रोही मारून टाका. झंझट खतम."

"पाटील," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "रोह्याला हा रोग तुमच्या ढोरांनी दिला. नाल्यावर दोघं एकाच जागी तोंड घालतात. रोही तो तुम्हाला परत करतो, एवढंच. बंदूक वाजली की आजारी रोही दहा गावांत पांगतील आणि दहा गावं आजारी पाडतील. उलट सगळी ढोरं टोचली, तर रोह्याला रोग द्यायला कोणी उरत नाही. जंगलातला रोग आपोआप विझतो."

"बरं बरं," पाटील म्हणाला. पाटलाचं 'बरं बरं' म्हणजे 'नाही' असतं, हे गावाला माहीत होतं. डॉक्टर नवे होते. दुसऱ्या दिवशी टोचायला बघतात तर पाटलाची जोडी गोठ्यात नाही.

"केळापूरले गेली साहेब, माह्या सासुरवाडीले. लग्न आहे."

"बैलांचं?"

"नाही जी, साळ्याचं. बैल वऱ्हाडी आहेत."

जोडी घेऊन पाटलीणबाई, सुभद्राबाई, खरंच माहेरी गेल्या होत्या. चांगल्या पंधरवडा राहून परतल्या त्या बैलांच्या शिंगांना लाल लोकरीचे भलेमोठे गोंडे बांधून. गोंडे असे घसघशीत, की बैलांचे कान पार झाकून गेले होते.

"हे काय व?" पाटलानं विचारलं.

"नवस बोलली मी केळापूरच्या देवीले. पट होईस्तोर गोंड्याले कोनी हात लावाचा नाही. तुमीबी नाही."

देवीचा मामला म्हटल्यावर पाटलानं हात जोडले. वर ते गोंडे त्याला शोभिवंतही वाटले. इकडे देवीलालनं तांड्यातलं एकूणएक ढोर टोचून घेतलं होतं. टोचलेल्या ढोराच्या कानाला डॉक्टर ओळखीचं भोक पाडायचे. तेव्हापासून नाल्यावर देवीलाल दिसला की पाटील या काठावरून ओरडायचा, "काय नाईक, कसे आहेत तुह्ये बकरे? लेंड्या टाकून राह्यले का?"

देवीलाल मिशीत हसायचा. "पटात भेटू, पाटील. तुमच्या माळावर माझे बकरे चरून जातील."

असा सगळा थाट जमलेला, पट हातातोंडाशी आलेला, आणि रोह्यानं पाय वर केले.

पाटील तडक फाट्यावर गेला. नागपूर-हैदराबाद सडकेवर, जिथं बोरखडीची गाडीवाट फुटते, तिथं धर्मपालचं चहाचं दुकान होतं. ट्रकवाले तिथं थांबत. धर्मपालचा बाप डोमाजी जन्मभर गावची मेलेली ढोरं ओढत आला होता. पाटलाच्या डोक्यात दुकान नव्हतंच. तो डोमाजीच्या पोराकडे आला होता.

"या पाटील," धर्मपाल म्हणाला. "च्या टाकू?"

"च्या नोको." पाटलानं त्या दुकानात कधीच चहा घेतला नव्हता. का, ते कोणी विचारत नव्हतं. "काम होतं जरासं. नाल्यावर एक ढोर पडलं आहे."

"पडलं तं उठवा."

"मेलं आहे लेका!"

"अरेरे. लय वाईट झालं." धर्मपालनं गाळणी झटकली. "कोनाचं होतं? भेटाले गेलं पायजे."

"कोनाचं नाही. रोही आहे. थो ओढून पल्याडच्या काठावर टाका लागते."

"टाका मंग."

पाटलाचा आवाज चढला, तसा एक ट्रकवाला चहाचा घोट घ्यायचा थांबला.

"अबे, तुमी लोकं—"

"आमी लोकं छप्पन साली नागपूरले गेलतो, पाटील. दीक्षा घेतली. थे काम तिथंच सोडून आलो. आता परत आणाले जावं, तं सापडाचं नाही. लय गर्दी होती."

पाटलानं घाम पुसला. एरवी तो नमतं घेणारा गडी नव्हता, पण पट जवळ आला होता. "बरं, ओढू नोको. कसं ओढाचं, एवढं तं सांग."

"मले कुठं येते? माह्या बापाले सारं येत होतं. पण त्यानं मले शिकोलंच नाही. म्हने, 'तुले आलं नाही, तं तुले कोनी सांगनार नाही.'" धर्मपालनं आधण उतरवलं. "हुशार होता माहा बाप."

म्हणजे आता पंचक्रोशीत मेलेलं जनावर ओढता येणारा एकही माणूस उरला नव्हता. गावगाडा असा मोडतो. आवाज होत नाही, फक्त वास सुटतो.

पांढरकवड्याच्या बाजाराच्या दिवशी गाव ओस पडलं, तेव्हा पाटलानं पटवाऱ्याला घरातून काढलं. नीळकंठ पटवारी नाकाला कापराची पुडी लावूनच निघाला आणि वाटेतच त्यानं जाहीर केलं, "मी सरकारी माणूस. मी फक्त हद्द दाखवीन. हात लावणार नाही." गावचे सगळे बैल बाजाराच्या गाड्यांना जुंपलेले. गोठ्यात उरलेली जोडी एकच, पाखऱ्या आणि बिजल्या. पाटलाचं काळीज हललं. पण पट वाचवायचा तर पटाच्याच जोडीला राबावं लागेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

पाटील घराण्याच्या साऱ्या पिढ्यांत मेलेल्या जनावराला कोणी हात लावला नव्हता, त्यामुळे धरायचं कुठून हाच पहिला प्रश्न. "शेपटीला बांधा," पटवारी नाकातून म्हणाला. शेपटीला दोर बांधला. बैलांनी एक हिसका दिला आणि बैल, दोर, शेपूट असे तिघंच पुढे गेले. रोही होता तिथंच. मग शिंगांना बांधला. पण रोह्याची शिंगं म्हणजे वांग्याच्या देठाएवढी, दोर निसटून पाटलाच्या कानफटात बसला. शेवटी मागचे दोन्ही पाय बांधले तेव्हा कुठं ते धूड हललं. पाणी ओलांडून पलीकडच्या वाळूत ते टाकून पाटील परतला, तो एखादा मुलूख जिंकल्यासारखा.

घराच्या ओसरीशी येतो तो सुभद्राबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"थांबा. तिथंच थांबा."

"अवं, पानी तं दे."

"उंबऱ्याले हात लावाचा नाही. भिंतीलेबी टेकू नोका. बसा तिथं, कडुलिंबाखाली."

पाटील आपल्याच अंगणात उकिडवा बसला. सुभद्राबाईंनी लांबून, उंच धरून तांब्यानं पाणी ओतलं. पाटील ओंजळीनं प्याला. भाकरी लांबूनच, हात न लागू देता ओंजळीत टाकली. नेमका तेव्हाच धर्मपाल सायकलवरून चालला होता. तो थांबला नाही, हसला नाही, बोलला नाही. नुसती घंटी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोही अलीकडच्या काठावर हजर!

"दुसरा असल," पाटील म्हणाला.

"बिनशेपटाचे दोन रोही एका नाल्यावर?" पटवारी म्हणाला.

पलीकडे देवीलाल दातण करत उभा होता. "राम राम, पाटील! तुमचं पाव्हनं चुकून आमच्याकडं आलं होतं. पोचतं करून दिलं."

"माहा पाव्हना नाही थो!"

"मंग माझाबी नाही. तांड्याले दवंडी लागू होते, पाटील. तांडा बंद झाला तं माझी जोडी पटात कशी यावी? तुमालेच करमायचं नाही."

मग सुरू झाली त्या रोह्याची वारेमाप भटकंती. सकाळी गडीमाणसं कापूस वेचायला गेली की पाटलाची जोडी त्याला पलीकडे न्यायची. दिवस कलला की नाईकाची जोडी अलीकडे आणायची. जिवंतपणी तो जेवढा हिंडला नसेल तेवढा मेल्यावर हिंडला. सगळ्यांत हाल झाले ते गिधाडांचे. बिचारी पंख मिटून पंगतीला बसावीत, तो पानच उठून पलीकडच्या गावाला चाललेलं! शेवटी दोन म्हातारी गिधाडं नाल्याच्या मधल्या खडकावरच मुक्कामाला राहिली, म्हणजे कुठूनही सारखंच अंतर. आणि ओढून ओढून वाट अशी गुळगुळीत झाली होती, की तीवरून कोल्हे घसरायला लागले.

पाटलाला एकच समाधान होतं. ओढकामानं पाखऱ्या-बिजल्याच्या मांड्या कशा दगडासारख्या झाल्या होत्या! घरी मात्र त्याचं अंथरूण अजून कडुलिंबाखालीच होतं. थंडी वाजून तो कुडकुडला, की सुभद्राबाई आतून विचारायच्या, "पट लय दूर आहे का अजून?"

आणि मग सांगावा आला: डॉक्टर जीपनं येत आहेत, पटाआधी दोन्ही शिवारं बघायला.

त्या सकाळी रोही पाण्याजवळच पडला होता, अर्धा ओला. पाटील जोडी घेऊन धावला. पलीकडून देवीलालही धावला. पाटलानं मागचे पाय बांधले, तोवर नाईकानं मान बांधली. एकानं हाक दिली "हुर्र पाखऱ्या!", दुसऱ्यानं दिली "चल रे बादल!" आणि दोन्ही काठांवर त्या मुलखातल्या दोन उत्तम जोड्या एकमेकींकडे शेपट्या करून ओढायला लागल्या. शंकरपटात ज्यांची गाठ पडायची, ती नाल्यात पडली. रोही कधी वीतभर बोरखडीकडे, कधी वीतभर तांड्याकडे. कापूस वेचणाऱ्या बाया पदर खोचून काठावर जमल्या. धर्मपाल ट्रकवाल्यांचा चहा घेऊन निघाला होता, तोही किटली हातात धरून थांबला. आपण सरकारी माणूस आहोत हे विसरून पटवारी नाकावरची कापराची पुडी हवेत नाचवत ओरडत होता, "ओढ! ओढ!"

अशात काठावर जीप येऊन थांबली.

दोर तुटला. दोन्हीकडचा. पाखऱ्या-बिजल्या बोरखडीकडे सुटले, नाईकाची जोडी तांड्याकडे. पाटील चिखलात पालथा, देवीलालचा फेटा पाण्यातून वाहत चाललेला, आणि रोही गडगडत जाऊन बरोबर प्रवाहाच्या मध्यावर बसला.

डॉक्टर खाली उतरले. मग त्यांनी पटवाऱ्याला विचारलं, "हद्द कुठून जाते?"

पटवाऱ्यानं नकाशाची गुंडाळी छातीशी धरली. "साहेब, हद्द... रोह्याच्या बेंबीतून जाते."

डॉक्टर हसू दाबत पाण्यात उतरले, काठीनं रोह्याचं तोंड उघडून आत पाहिलं. जबड्यात, हिरड्यांवर फोडच फोड. त्यांनी मान वर केली तेव्हा चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"बुळकांडी. आणि हे तुम्ही किती दिवस ढोरांकडून ओढवताय?"

देवीलालनं आपली जोडी पकडून आणली होती. त्यानं मुकाट बैलांचे कान पुढे केले. भोकं स्वच्छ दिसत होती. डॉक्टर पाटलाकडे वळले. पाखऱ्या-बिजल्या धापा टाकत उभे होते, लाल गोंडे कानांवर डोलत होते.

"आणि ही? केळापूरला टोचली असेल ना?"

एवढंच तर म्हणायचं होतं: "हो जी." डॉक्टरांनी गोंडा उचलूनही पाहिला नसता. पाटलाच्या जिभेवर 'हो' आलेलाच होता. तेवढ्यात बिजल्याच्या तोंडातून फेसाची लांब तार जमिनीला लागली.

"नसन टोचली तं काय होते, साहेब?" पाटलानं हळूच विचारलं.

"आठ-दहा दिवसांत ताप. मग तोंड येतं, डोळे गळतात. मग हगवण." डॉक्टरांनी काठी पाण्यात धुतली. "आणि पटात जेवढ्या जोड्या याच्याजवळ उभ्या राहतील, त्या घरी जाताना रोग घेऊन जातील."

पाटील चिखलातच बसला. डोळ्यांपुढे नेरपर्यंतच्या गाड्या आल्या, गोंडे बांधलेल्या, घुंगरांच्या; त्या सगळ्या त्याच्या मांडवातून मरण भरून परत चालल्या होत्या. आणि सर्वांत पुढे पाखऱ्या.

"खोटं बोललो, साहेब," तो म्हणाला. आवाज असा फुटला, की बाया दचकल्या. "लग्न नव्हतं. माहा साळा तं पोट्टा आहे अजून, पाटीपेन्सिल घेऊन शाळंत जाते. जोडी मी लपोली होती. पट गेला चुलीत, एकबी बैल गावात येऊ देऊ नोका. फक्त माह्या जोडीले वाचवा. टोचा आत्ताच्या आत्ता. बकरा घाला, बोकड घाला, डुक्कर घाला, काहीबी घाला!"

"आता घालून उपयोग नाही, पाटील," डॉक्टर म्हणाले. "आता वाट पाहायची."

पाटील रडला. खरंच रडला, बिजल्याच्या पायाला मिठी मारून, पोरासारखा. देवीलालनंसुद्धा मान फिरवली.

मग बायांच्या घोळक्यातून सुभद्राबाई खाली उतरल्या. पदर सावरला, सरळ बैलांपाशी गेल्या आणि दोन्ही गोंडे वर उचलले.

पाखऱ्याच्या कानाला भोक. बिजल्याच्या कानाला भोक.

"केळापूरले टोचनी आली, त्याच दिवशी माह्या बापानं उभे केले," त्या म्हणाल्या. "भोकं लपवाले गोंडे बांधले."

पाटील वर पाहतच राहिला. "अन् तू मले सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी त्यायच्यापुढं बोरीचा पाला टाकला असता."

"अन् देवीचा नवस?"

"देवीले मी सांगतलं होतं. थे समजूतदार आहे."

नाल्यावर हसू असं फुटलं, की खडकावरची गिधाडं उडाली. देवीलाल तर आईला हाक मारत पाण्यातच बसला. "याडी ये! पाटील, तुमचेबी बकरेच निघाले!"

पाटलानं डोळे पुसले, नाक शिंकरलं, बैलांकडे नव्यानं पाहिलं. "बकरे असून एवढे ओढतेत?" तो म्हणाला. "मंग बैल असते तं काय केलं असतं!"

डॉक्टरांनी निकाल दिला तो असा: रोही दोन्ही गावांचा. दोन्ही गावं बंद. बाहेरचं एकही जनावर शिवारात येणार नाही, पट यंदा नाही. ओढणाऱ्या दोन्ही जोड्या बाटलेल्या, त्या इथंच, नाल्याकाठी वेगळ्या राहतील, आणि त्यांचे मालक त्यांच्याजवळ. "आणि हा रोही आत्ता पुरायचा. छातीएवढा खोल खड्डा, वर चुना. कोण खणणार?"

शंभर माना सवयीनं धर्मपालकडे वळल्या.

धर्मपालनं मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. "कोनाले पाहून राह्यले?" त्यानं विचारलं.

माना परत आल्या, आणि पाटलावर येऊन थांबल्या. मग पाटलानं कुदळ घेतली, देवीलालनं फावडं घेतलं, आणि ओढ ओढ म्हणून ओरडताना डॉक्टरांनी पाहिलेल्या पटवाऱ्याला घमेलं मिळालं. दुपारपर्यंत तिघांच्या हातांना असे फोड आले, की डॉक्टरांनी दोनदा काळजीनं पाहिले. रोही एकदाचा खाली गेला. गिधाडं निराश होऊन केळापूरकडे निघून गेली.

धर्मपालची किटली अजून गरम होती. का, ते विचारू नका. फाट्यावरचा चहा तसाच असायचा. त्यानं कप काढले. पाटलाचे हात चिखलानं, चुन्यानं माखलेले.

"वरून ओतू का, पाटील?" धर्मपालनं विचारलं. "ओंजळीत?"

पाटलानं त्याच्याकडे पाहिलं. कडुलिंब, तांब्या, सायकलची घंटी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. तो उठला, प्रवाहाच्या वरच्या अंगाला जाऊन वाळूनं हात घासून घासून धुतले आणि परत येऊन हात पुढे केला.

"कपात दे."

"साखर?"

"टाक. लय टाक."

पुढचे दिवस पाटील आणि नाईक एकाच बाभळीखाली झोपले. आधी पाठीला पाठ करून, मग थंडीमुळे तोंडाला तोंड करून. बैलांना ताप आला नाही, तोंड आलं नाही. डॉक्टर अधूनमधून येत, कान बघत, जबडे बघत आणि खूश होऊन जात. पण पटात छकडा हाकणारे दोन धुरकरी एका बाभळीखाली आणि दोन जोड्या समोर चरतायत, म्हटल्यावर हातांना खाज सुटणारच.

"साहेब," पाटलानं एकदा विचारलं, "बाहेरचे बैल नाही. गर्दी नाही. हे दोन बाटलेलेच आपसात धावले तं काही हरकत?"

डॉक्टरांनी विचार केला. नियमात तसं काही नव्हतं. त्यांनाही कधीची उत्सुकता होती.

वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या कडेला, माळावर दोन छकडे उभे राहिले. प्रेक्षक म्हणजे डॉक्टर, पटवारी, सुभद्राबाई आणि टेकडीवर कान टवकारून उभे असलेले पाच-सहा रोही. पल्ल्याच्या टोकाला झेंडी घेऊन धर्मपाल. कारण पाटलाचा माणूस नाईकाला नको, नाईकाचा पाटलाला नको, आणि धर्मपाल कोणाचाच नव्हता.

डॉक्टरांनी रुमाल खाली टाकला. जोड्या सुटल्या त्या अशा, की धुळीलाही मागे धावत यावं लागलं. पाखऱ्या पुढे, बादल पुढे, पाखऱ्या पुढे. अर्धा पल्ला झाला असेल, तोच पऱ्हाटीतून एक भलादांडगा निळा रोही उठला. घाबरला असेल किंवा हौस आली असेल. दोन्ही जोड्यांच्या मधून घुसून, शेपूट वर करून तो सरळ पटाच्या वाटेनं निघाला. बैलांनीही मान खाली घातली. धुळीचा एकच लोट झेंडीवरून गेला.

छकडे थांबले. पाटील उडी मारून धावत आला, नाईक त्याच्या मागे.

"कोन पहिलं आलं, धर्मपाल? सांग लवकर!"

"रोही," धर्मपाल म्हणाला.

"अबे थे मालूम आहे! दुसरा कोन आला? मी का थो?"

धर्मपालनं झेंडी गुंडाळली. टेकडीकडे पाहिलं, रोही तिथं पोचून वळून बघत होता, तोंड स्वच्छ, अंग तुकतुकीत.

"आता पाटील, एवढा देखणा रोही पुढून चाललेला असताना," तो म्हणाला, "मागच्याकडं कोन पायते?"